माझी सही मराठीत आहे

झिंज, मनामा, बहरीन
१४ जानेवारी २०२५

बासित,

ही सही कुणाची?

सलाम नंतर. आधी याचं उत्तर दे. अकीलाने काल तिच्या क्लिनिकच्या प्रिंटरवर तुझ्या त्या अर्जाचे कागद काढून आणले. शेवटच्या पानावर, जिथे अर्ज करणाऱ्याने सही करायची, तिथे कुणीतरी इंग्रजीत 'मसूदा मुकादम' लिहिलंय. काय वळण आहे. पहिल्या अक्षराला शेपटीसुद्धा काढलीय. एवढी सुंदर इंग्रजी सही आमच्या सात पिढ्यांत कुणी केली नसेल.

माझी सही मराठीत आहे. पासपोर्टवर मराठीत आहे, इथल्या बँकेत मराठीत आहे, तुझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकावर मराठीत आहे. निकाहनाम्यावरसुद्धा मराठीतच केली, काझीसाहेब उर्दूत कर म्हणत होते तरी. म्हसळ्याच्या शाळेत दहावीपर्यंत जे अक्षर शिकले ते मी लग्नात काय म्हणून बदलू? हे सगळं तुला माहीत आहे. तुझ्या बहिणीच्या एका नजरेत लक्षात आलं. ती म्हणाली, "अम्मी, ही तुझी नाही."

आता दुसरा कागद. सरकारचं पत्र, १९ ऑगस्टचं. अकीलाने वाचून दाखवलं, मग मी स्वतः बोट ठेवून वाचलं. अर्ज नामंजूर. कारण अर्ज १८ मार्चला पोचला, आणि त्या दिवशी अर्ज करणारी बाई अमेरिकेत असायला हवी होती, ती नव्हती. असणार कुठून? ९ मार्चला तूच मला विमानतळावर सोडलंस. तुझ्या अब्बांना लकवा मारला होता, मी रडत होते, आणि तू म्हणालास, "अम्मी, परमिटचं टेन्शन घेऊ नको. मी स्पॉन्सर आहे ना, मी बघतो."

बघितलंस. छान बघितलंस. ऑगस्टपासून मी दर जुम्म्याला विचारतेय, परमिटचं पुस्तक आलं का रे, आणि तू म्हणतोस, येतंय अम्मी, इथे सगळं स्लो आहे. पाच महिने. मी इथे शेजारणींना सांगत बसले की माझं दोन वर्षांचं परमिट यायचंय. हे कागदसुद्धा तू पाठवले नाहीस. अकीलाने तुझ्या बायकोला, सुहाला विचारलं, तेव्हा त्या बिचारीने पाठवले.

अकीलाने मला जे समजावलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या तू म्हणायला नको की अम्मीला काही कळलंच नव्हतं. ग्रीन कार्डवाल्याला वर्षाच्या वर बाहेर राहायचं असेल तर जायच्या आधी, तिथे असतानाच, हे परमिट मागायचं. ते नसलं आणि वर्ष उलटलं, तर त्या कार्डावर परत जाता येत नाही. माझं वर्ष ९ मार्चला भरतं. त्यानंतर मला तुझ्या लेकीला, तूबाला भेटायचं झालं तर पाहुण्यासारखा व्हिसा मागायचा, तोही देतील न देतील. जिला चार महिन्यांची असल्यापासून मी मांडीवर वाढवली, तिला भेटायला.

फोन करू नकोस. मी प्रश्न विचारला की नेमका तेव्हाच तुझा आवाज तुटतो. तुझे अब्बा इथे आणि मी म्हसळ्याला, अशी आठ वर्षं मी त्यांना पत्रं लिहिली. मला पत्रातून भांडायची सवय आहे. मी कागदावर लिहीन, अकीला फोटो काढून पाठवेल. तुला वाचता येतं, चौथीपर्यंत मराठी शाळेत होतास. सुहाला येत नाही, ते बरंच आहे.

आता सलाम. तो बाकी ठेवायचा नसतो म्हणून.

अम्मी


२३ जानेवारी

बासित, सलाम.

दोन निळ्या खुणा उमटल्या, आठ दिवस गेले, आणि उत्तर म्हणून काय आलं, तर तिकीट. ५ मार्चचं. वर तीन मिनिटांचा आवाज. मी तो चार वेळा ऐकला आणि त्यातलं मुद्द्याचं तेवढं जसंच्या तसं उतरवून काढलंय, बघ.

"अम्मी, प्लीज. फक्त तोंड दाखवायला ये. वर्षाच्या आत आलीस तर चान्स आहे, आत घेतील. मग आपण परमिटचा अर्ज नीट करू, तू बोटांचे ठसे दे, दोन-तीन महिन्यांत परत जा. अब्बांसाठी नर्स ठेवू. आणि एअरपोर्टवर ऑफिसरने जुन्या अर्जाचं विचारलं, तर सांग, सही मीच केली."

तीन मिनिटांत 'सॉरी' कुठे आहे ते मी शोधतेय. तुला सापडलं तर कळव.

५ मार्चला रोजे सुरू झालेले असतील. म्हणजे रोजा धरलेल्या तोंडाने मी परक्या मुलखातल्या वर्दीवाल्यासमोर खोटं बोलायचं, की होय साहेब, ही शेपटीवाली सही माझी आहे. आणि त्याने समोर कागद ठेवून म्हटलं, बाई, करून दाखवा, तर? तुझ्यासारखी शेपटी मला काढता येत नाही रे. पासपोर्टवरची सही तर त्याच्या हातातच असेल.

आणि अब्बांसाठी नर्स. उंटावरून शेळ्या हाकणं याला म्हणतात. तू गेल्या वर्षात एकदा आलास, चार दिवस, त्यातला एक दिवस झोपलास. तुला काय माहीत इथे काय चालतं ते. उजवी बाजू गेलेली आहे. गिळताना घास चुकीच्या वाटेने जातो, म्हणून पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करून चमच्याने द्यावं लागतं. पेज, खिमा, केळं, सगळं वाटून. एक घास दिला की हनुवटी खाली धरायची, गळ्याकडे बघायचं, घाटी वर-खाली झाली की मग दुसरा. एका जेवणाला पाऊण तास. बोलणं म्हणजे इथल्या अरबीतले दोनच शब्द राहिलेत, 'यल्ला', म्हणजे चल, आणि 'खलास', म्हणजे संपलं. पाणी हवं तरी यल्ला, कूस बदलायची तरी यल्ला. कुठली यल्ला कशाची, ते मला कळतं. आधी दोन नर्सा ठेवून झाल्या. एकीच्या अंगावर पेजेची वाटी फेकली त्यांनी, डाव्या हाताने, नेम धरून. दुसरीच्या हातून तोंडच उघडलं नाही. सगळा सूक, सगळा बाजार, मुकादम शेठ म्हणून ज्याला सलाम करायचा, त्या माणसाला परक्या बाईच्या हातून खायला लाज वाटते. मला त्यांचा राग येतो, पण मला ते समजतं.

अकीला रोज ड्यूटी करून, दोन पोरांना घेऊन जनाबियाहून येते. तिला आणखी काय सांगू?

तू म्हणशील, अम्मी, तूसुद्धा परमिटचं नीट विचारलं नाहीस. नाही विचारलं, कारण मी इथली आहे. लग्न झाल्यापासून छत्तीस वर्षांत इथल्या एकाही कागदावर मला माझं माझं काही करावं लागलं नाही. माझी आई गेली तेव्हा मी गावाला आठ महिने राहिले, सहा महिन्यांच्या वर झाल्यावर इथला व्हिसा खलास झाला. तुझ्या अब्बांनी इथे बसून नवा काढला आणि मला म्हसळ्याला पाठवला. मी फक्त फोटो दिला होता. गेल्या वर्षी मी तुझ्याकडून आले, तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले, तरी दुकान बघणाऱ्या मुख्तारने दुकानाच्या कागदांवर माझं सगळं करून आणलं. इथे स्पॉन्सर म्हणजे तो. बाई कुठेही असो, तो करतो. मग तू म्हणालास, मी स्पॉन्सर आहे, मी बघतो, तेव्हा मी काय समजायचं होतं? तिकडचा स्पॉन्सर फक्त बोलावून घेण्यापुरता असतो, पुढचं ज्याचं त्याने उभं राहून करायचं, हे मला कुणी सांगायचं होतं?

तिकीट रद्द कर.

अम्मी


४ फेब्रुवारी

बासित,

तू अकीलाला फोन केलास. मला नाही, तिला. आणि सांगितलंस की चूक अम्मीची आहे, अम्मी हट्टी आहे, निघायच्या आदल्या दिवशी सुहाने तिच्यासमोर फॉर्म ठेवला होता आणि अम्मीने सही करायला नकार दिला.

चोराच्या उलट्या बोंबा. खोटी सही तू करायची, पाच महिने तू लपवायचं, आणि आता बायकोच्या पदराआड उभं राहून आईवर बोट दाखवायचं. सुहाने माझ्यासमोर कसलाही फॉर्म ठेवला नव्हता. ठेवला असेल तर मला आठवत नाही. त्या दिवशी माझा नवरा अतिदक्षता विभागात होता. मी सामान भरत होते, तुझ्या लेकीला जेवायला घालत होते आणि तिकडे पोचायच्या आत तो जातो की काय म्हणून दर तासाला अकीलाला फोन करत होते. कोण कुठे काय ठेवतं ते बघायला मी रिकामी नव्हते.

आणि मी हट्टी असेन तर असेन. तुझ्याकडे अडीच वर्षं राहिले त्यात किती हट्ट केला ते एकदा मोज. सकाळी सातला तुम्ही दोघं दाराबाहेर, संध्याकाळी सहाला परत. मधे मी आणि ती पोर. बर्फात खाली उतरायची भीती वाटते म्हणून तीन-तीन दिवस मी बाहेरचं तोंड बघितलेलं नाही. लोक म्हणायचे, मसूदाचं काय, मसूदा ग्रीन कार्डवर गेली. कोणी आया म्हणत नव्हतं, एवढंच. मी तोंडातून शब्द काढला नाही, कारण तूबा होती.

हे पत्र फाडून टाक. नाही, ठेव.

अम्मी


१७ फेब्रुवारी

बासित, सलाम.

गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं.

तुला लिहून पाठवलं त्या दिवसापासून ते मला टोचतंय. दुसऱ्याला खोटारडा म्हणायचं तर आपलं तोंड आधी धुवावं. म्हणून लिहिते. तू गप्प बसून वाच आणि यावर एकही शब्द बोलू नकोस.

सुहाने फॉर्म ठेवला होता. ८ मार्चला, दुपारी, किचनच्या ओट्यावर, राइस कुकरच्या बाजूला. वर पेन ठेवलं होतं. जिथे सही करायची तिथे तिने पिवळी चिठ्ठी लावली होती. ती म्हणाली, "अम्मी, बस एक साइन. मैं आज ही भेज देती हूँ, आपके जाने से पहले. फिर फिंगरप्रिंट के लिए एक बार आना पड़ेगा, तब तक अब्बा ठीक हो जाएँगे, इंशाल्ला." एवढं नीट सांगितलं पोरीने. कामावरून अर्धी सुट्टी घेऊन आली होती ती त्यासाठी.

आणि मी काय केलं? मी तिला म्हटलं, माझा मियाँ तिकडे मरतोय आणि तुला फॉर्म सुचतोय? म्हटलं, सह्या करणं स्पॉन्सरचं काम असतं, ते बासित बघेल, सुनेने सासूला कागद शिकवू नयेत. ती तरी उभी राहिली. पेन पुढे केलं. तेव्हा मी गॅसवरचं डाळीचं पातेलं उचललं आणि त्या फॉर्मवर ठेवलं. कागद तपकिरी झाला, पिवळी चिठ्ठी गोळा झाली. पातेलं उचलून तिने खाली फळी ठेवली, कागद चुरगाळून टाकला आणि तूबाला झोपवायला गेली.

एक सही करायला मला किती वेळ लागला असता? मराठीत नाव लिहायला मला श्वासाएवढा वेळ लागतो. नाही केली, कारण सुनेने सांगितलं म्हणून. बस, एवढंच. तुझ्या अब्बांचं नाव मी पुढे केलं, पण खरं कारण हे होतं. हात दाखवून अवलक्षण.

तिने तुला रात्री सांगितलं असेल. तू मला विचारलं नाहीस. तुला माझ्या तोंडाला लागायचं नव्हतं. मी गेल्यावर तू नवा फॉर्म काढलास आणि माझी सही करून टाकलीस, कारण तुला वाटलं अम्मीला कळायच्या आत सगळं होऊन जाईल. लहानपणी इथल्या शाळेत नापास झालास तेव्हा अब्बांची सही केली होतीस, आठवतं? तेव्हा मी तुला वाचवलं. अब्बांना सांगितलं की मीच करायला सांगितली. ते चुकलं माझं. तेव्हाच एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

अकीला म्हणते, अम्मी, तुला मनातून परत जायचंच नव्हतं, म्हणून तू सही केली नाहीस. हे खोटं आहे. मला बर्फ नको होता, बंद दार नको होतं. तूबा हवी होती. परवा तिने फोनवर काय विचारलं, ऐकलंस ना तू बाजूला बसून? "दादी, डू यू लिव्ह इन द फोन?" मी हसले. फोन ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले, तुझ्या अब्बांना ऐकू जाऊ नये म्हणून. तीन वर्षांची होत आली होती तेव्हा मी निघाले. 'चल गो', 'हात धू', 'सांदण हवं' एवढं मराठी तिला येत होतं. आता मी 'हात धू' म्हटलं की ती स्क्रीनकडे बघत राहते.

सुहाला यातलं काही सांगू नकोस. तिचं मी बघते.

अम्मी


२ मार्च, दुसरा रोजा

बासित, सलाम.

तिकीट तू रद्द केलं नाहीस, हे मला माहीत आहे. आणि मला येता येतं का ते मी करून बघायचं ठरवलं होतं, हे तुला माहीत नाही. आता सांगते.

गेल्या आठवड्यात मी अकीलाला म्हटलं, मी तीन दिवस जनाबियाला तुझ्या घरी राहते, तू सुट्टी काढून इथे राहा. म्हणजे मी अमेरिकेला गेले असं समजायचं. अब्बांनी तीन दिवस काढले तर मी ५ तारखेला विमानात बसते. बॅगसुद्धा भरली, तूबाचं लाल स्वेटर वर ठेवलं. ऑफिसरला काय सांगायचं तेही मी पाठ करत होते. खोटं नाही सांगायचं, पण गप्प बसता येईल का, एवढंच बघत होते.

पहिल्या दिवशी त्यांनी दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी एकही नाही. अकीलाने चमचा पुढे केला की तोंड फिरवायचे आणि दाराकडे बघायचे. पोटच्या पोरीच्या हातूनही नाही. संध्याकाळी तिने घाबरून थोडं जबरदस्तीने पाणी दिलं, ते चुकीच्या वाटेने गेलं. मला फोन आला तेव्हा ती ॲम्ब्युलन्समध्ये होती. छातीत पाणी गेलंय, म्हणाले. चार दिवस हॉस्पिटलात काढले. काल घरी आणलं, पहिल्या रोज्याला. पोरगी अजून स्वतःला दोष देतेय, आणि तिचा यात काही दोष नाही.

मी समोर गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "खलास?" तो प्रश्न होता. मी म्हटलं, "खलास. कुठे जात नाही."

तर तिकिटाचं उत्तर मिळालं. मी ५ तारखेला येत नाही.

पण माझा राग कशासाठी आहे, ते नीट समजून घे. तुझ्या अब्बांचा आजार अल्लाकडून आला, त्याला इलाज नाही. पण तू मला अशा जागी आणून उभं केलंस की मी आले असते तर एक तर खोटारडी ठरले असते, नाही तर चुगलखोर आई. खरं सांगितलं की तुझ्यावर येणार. तुझी नोकरी, तुझं नागरिकत्व, काय काय होतं मला ठाऊक नाही. ते मला बघायचंही नाही. खोटं सांगितलं की माझ्यावर. आणि गप्प बसले तरी ते खोटंच. हे सगळं एका शेपटीसाठी. तुला फोन करून "अम्मी, तू चुकलीस, आता परमिट मिळणार नाही, लवकर ये" एवढं सांगता आलं नाही? मी एप्रिलमध्ये आले असते. तेव्हा अब्बा हॉस्पिटलात होते, तिथे सगळ्या नर्सा होत्या, मी पंधरा दिवस येऊन सही करून, ठसे देऊन गेले असते. तेव्हा येता येत होतं. आता येत नाही. माझी चूक एका दुपारची होती. तुझी अकरा महिन्यांची आहे.

तू मेसेज केलास की इथल्या एम्बसीत परत येणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा मागता येतो, कारण दाखवायचं की माझ्या हातात नव्हतं. पण माझ्या हातात होतं, बासित. पेन हातात होतं.

आजपासून फोनवर तुझ्याशी बोलणार नाही. तूबाशी बोलेन. फोन तिच्या हातात दे आणि बाजूला हो.

अम्मी


९ मार्च, नववा रोजा

बासित, सलाम.

आज वर्ष भरलं.

वाट बघत बसून कार्ड आपोआप मरू द्यायचं, असं अकीलाचं म्हणणं होतं. तिचा नवरा म्हणाला, राहू दे ना ड्रॉवरमध्ये, कुणाला काय कळतंय. मला ते पटलं नाही. मेलेलं कार्ड घरात ठेवून उद्या मी पाहुणीचा व्हिसा मागायला गेले तर पुन्हा तेच. हे काय, ते काय, ही सही कुणाची. मी अकीलाला विचारलं, आपण होऊन परत करायचा कागद असतो का? असतो. दोन पानांचा.

तो मी भरला. अकीलाने वाचून अर्थ सांगितला, लिहिलं मी. नाव, जन्म, पासपोर्ट नंबर, शेवटची निघाले ती तारीख. इंग्रजी अक्षरं मला येतात, सावकाश. एका ठिकाणी विचारलं होतं, तुम्ही कार्ड का सोडता. अकीला म्हणाली, फॅमिली रीझन्स लिही, सगळे तेच लिहितात. मी म्हटलं, फॅमिली तर तिकडेही आहे. मग मी लिहिलं, 'माय हजबंड इज हियर. ही ईट्स फ्रॉम माय हँड.' व्याकरण बरोबर आहे का ते तिला विचारलं. बरोबर आहे, म्हणाली.

अठ्ठावन्न वर्षांत हा पहिला फॉर्म मी स्वतः भरला. जन्माला आले तेव्हा बापाने, लग्न झाल्यावर तुझ्या अब्बांनी, मग मुख्तारने, मग तू. एवढे स्पॉन्सर झाले माझे, आणि कुणी कधी म्हटलं नाही की मसूदा, वाच तरी एकदा कशावर सही करतेस. मीही कधी मागितलं नाही वाचायला. त्याचा राग मी कुणावर काढू? तुझ्यावर काढला तेवढा पुरे नाही, पण आता थांबते.

सही करायची वेळ आली तेव्हा अकीला म्हणाली, "अम्मी, इंग्लिशमध्ये कर, त्यांना वाचता येईल." मी म्हटलं, त्यांनी आधी एक इंग्रजी वाचलीय, आता ही बघू देत. तुझे अब्बा खुर्चीत बसून बघत होते. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक, पण मी पेन टेकवलं तेव्हा ते म्हणाले, "यल्ला." ही यल्ला कशाची होती, ते मला नाही कळलं. पहिल्यांदाच.

कार्ड आणि कागद उद्या अकीला कुरिअरने पाठवेल. त्यात तुझ्या त्या अर्जाबद्दल एक अक्षर नाही. विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, पण आपण होऊन कुणाला सांगणारही नाही. ते माझ्याकडून तुला शेवटचं पांघरूण. यापुढे नाही.

सुहाला मी काल स्वतः फोन केला. म्हटलं, बेटा, पातेलं मी मुद्दाम ठेवलं होतं. ती म्हणाली, "पता है अम्मी." मग तिने विचारलं, सांदण कसं करायचं, तूबा मागते. मी तांदूळ किती वेळ भिजवायचा ते सांगितलं.

ईदनंतर तूबाला इकडे घेऊन या. तुम्हा तिघांचे निळे अमेरिकन पासपोर्ट आहेत, तुम्हाला इथे यायला कुणाची मिनतवारी करावी लागत नाही, असं मुख्तार म्हणतो. आणि कुठे काही कागद मागितलेच, तर मला पाठव. मी वाचीन, आणि सही करायची असेल तिथे मी करीन. या खेपेला स्पॉन्सर मी.

तुला माफ केलं असं समजू नकोस. ये, समोर बस, अब्बांना एक वेळ जेवायला घाल, पाऊण तास, घाटी वर-खाली होते का बघत. मग बघू.

आजवर तुला सगळी पत्रं 'अम्मी' म्हणून संपवली. आज नाव लिहिते. नीट बघून ठेव, पुन्हा कधी लिहायची वेळ आली तर चुकू नये.

मसूदा हमीद मुकादम